दादीचं बोलणं, जसंच्या तसं

पुजा माझ्याकडं खोली मागायला आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकतेस?" म्हणाली, "भाषा आणि बहुभाषिक संवाद, काकू. बीए करून राहिले." म्हटलं, बोलायची पण डिग्री निघाली का आता? आमच्या हिंगोलीच्या बसस्टँडवरचा चहावाला तीन भाषांत भांडतो, त्याला कुणी डिग्री दिली? पोरगी नुसती हसली. मी गंगूताई, तहसीलमध्ये कारकुनी करून रिटायर झालेली. राग माझा कायम नाकावर. न चिडणारं माणूस भेटलं की मला आधी संशय येतो आणि मग माया लागते. खोली दिली.

पुजा सेनगावकडच्या तांड्यावरची. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि वर कॉलेजात इंग्रजी, तेलुगू. माझ्यासोबत मेथी निवडता निवडता टीव्हीवरच्या मराठी बातम्या ती लगोलग हिंदीत करायची. मी मुद्दाम मध्येच पुढाऱ्यांना शिव्या घालायचे, तर त्याही हिंदीत करून मोकळी. वर मलाच समजावायची, "दुभाष्यानं काही गाळायचं न्हाई, काकू. समोरचा 'मी' म्हणाला की आपण पण 'मी' म्हणायचं. आपलं मत घरी ठेवून यायचं." मी म्हणायचे, माझ्यानं तर मेले तरी जमणार नाही.

तिसऱ्या वर्षी तिचा हैदराबादला एमएसाठी नंबर लागला. मी पेढे आणले, पण पोरीच्या तोंडावर हसू नाही. तांड्यावर तिची दादी नानीबाई, म्हणजे बापाची आई, हुकूम सोडून बसली होती. ही परीक्षा झाली की शिक्षण बास, दिवाळीनंतर लग्न. स्थळ बघून शब्दही दिलेला. बाप जगन भला माणूस, पण आईच्या शब्दाबाहेर जाईल तर शपथ.

आणि या येडीनं शेवटच्या प्रात्यक्षिकाला बोलावलं कुणाला, तर त्याच नानीबाईला. परीक्षा अशी, की बाहेरगावच्या परीक्षक बाई सगळ्यांसमोर हिंदीत विचारणार, पाहुणा आपल्या बोलीत उत्तर देणार, आणि पुजा मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करणार. मी म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं? दुसरं कुणी भेटलं न्हाई?"

"दादीसारखी गोरमाटी कुणाची न्हाई, काकू," एवढंच म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी नानीबाई जीपनं आल्या. चांदीनं मढलेल्या, ताठ, कॉलेजच्या हॉलकडं अशा बघत होत्या की जणू आपणच भाड्यानं दिलाय. जगन माझ्याशेजारी बसला. सुरुवात झकास झाली. तांडा कसा बसला, बैलांवरून माल कसा न्यायचे, लग्नात नवरी का रडत गाते, नानीबाई सांगत गेल्या आणि पुजाची हिंदी त्यांच्या मागोमाग धावत गेली. परीक्षक बाई खूश होत्या. मग त्यांनी विचारलं, नात इतकं शिकली, तुम्हाला कसं वाटतं?

नानीबाईंनी माइक जवळ ओढला आणि बराच वेळ बोलल्या. मला अक्षर कळलं नाही, पण जगननं मान खाली घातली. "मेलो, ताई," म्हणाला.

पुजानं सुरुवात केली. "मुझे अच्छा नहीं लगता." मग नानीबाईंचं सगळं म्हणणं एकेक करत हिंदीत आलं: शिकलेलं लेकरू आमचं बोलणं बदलून सांगतं. माझा थोरला नातू प्रेमदास मला दवाखान्यात घेऊन गेला. मी म्हटलं, छातीत आग होते. त्यानं डॉक्टरला सांगितलं, काही नाही, म्हातारपण आहे. त्याला माझ्या बोलीची लाज वाटली. ही पण तशीच होणार.

मी मनात ओरडत होते, अगं गाळ ना ते, कोणाला कळतंय? हॉलमध्ये या तिघांशिवाय गोरमाटी कुणाच्या बापाला येत नव्हती. थोडं गोड करून सांगितलं असतं तरी पूर्ण मार्क मिळाले असते.

"इसलिए मैं इसे आगे नहीं पढ़ाऊँगी," पुजा म्हणाली. स्वतःच्याच विरोधात, सरळ उभी राहून. आवाज जरासुद्धा हलला नाही. मला रडू आलं, आणि तिचा इतका राग आला की दोन थोबाडीत द्याव्यात.

बाजारापुरती हिंदी नानीबाईंना कळते. त्या नातीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी माइकवरच जगनला काहीतरी विचारलं. जगन उभा राहून बोलला. पुजानं हेही हिंदीत केलं, कारण काही सोडायचं नसतं. आईनं विचारलं होतं, माझं सगळं बराबर सांगितलं का हिनं? आणि मुलगा म्हणाला होता, सगळं, याडी, म्हणजे आई. छातीतली आग पण सांगितली.

नानीबाईंनी पदर सावरला. पुन्हा बोलल्या, या वेळी थोडंच.

आणि पुजा गप्प. तोंड उघडेना. तीन वर्षांत ही पोरगी अडलेली मी पहिल्यांदा बघत होते. परीक्षक बाई पेन धरून थांबल्या.

नानीबाईंनी तिला कोपरानं ढोसलं आणि मोडक्या मराठीत दटावलं, "थांबली काहून? माझं बोलणं हाय ते. सांग."

"मेरी बात बिना बदले कहनेवाला घर में कोई नहीं था," पुजा म्हणाली. डोळ्यांतून धार लागली होती, ती तिनं पुसलीही नाही. "आज मिल गया. शादी की ज़बान मैंने दी थी, मैं ही वापस लेती हूँ. मैं अपनी पोती को हैदराबाद भेजूँगी."