उठवलेली हरणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बाहेर, घरं संपून शेतं सुरू होतात तिथे राहत होतो. मी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सिस्टर होते. शेजारच्या घरात सत्तरीचे एक इंग्रज गृहस्थ एकटे राहायचे आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी हरणं मारायचे. हे कळल्यावर पहिले सहा महिने मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. हरणं फार वाढली की कोवळी झाडं आणि उभा गहू फस्त करतात, कुणीतरी ती कमी करावीच लागतात, असं त्यांनी एकदा कुंपणापलीकडून मला शांतपणे समजावलं. मला ते पटलं, पण आवडलं नाही.

त्यांची कुत्री मात्र मला आवडली. लांबट अंगाची, आखूड पायांची, दाढी असलेली. दिसायला अगदी तिरसट आजोबा. तिचं काम एकच होतं. गोळी लागूनही पळालेलं हरीण वासावरून शोधून काढायचं, म्हणजे मालकाला ते लवकर संपवता येईल. जखमी जनावर रानात तसंच सोडून घरी यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. बाकी देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं, पण हा नियम ते सोवळ्यासारखा पाळायचे.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुत्रीला फिरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि हळूहळू तिच्या सरावाचंही. टोमॅटो सॉसच्या बाटलीत हरणाचं रक्त भरून ते फ्रिजमध्ये ठेवत. मी ती बाटली घेऊन झाडीतून थेंब थेंब टाकत जायचे आणि दुसऱ्या दिवशी कुत्री त्या मागावर नाक लावून यायची. आमच्या घरात यावरून माझी यथेच्छ चेष्टा व्हायची. "शनिवारी वेम्बलीला शॉपिंगला चल म्हटलं की तुझे पाय दुखतात," नवरा म्हणायचा, "आणि इथे दोन माइल चिखल तुडवतेस. ऑफ डेलासुद्धा ब्लड लागतं का गं तुला?"

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. चेहरा उतरलेला. जंगलाच्या कडेला एका हरणीवर गोळी झाडली, ती लागली, पण नीट लागली नाही. गुडघा अजून वळत नव्हता, म्हणून कुत्रीची दोरी धरायला मी हवी होते. गाडीत बसल्यावर ते पुटपुटले, "नजर आता पूर्वीची राहिली नाही, सिस्टर." ते मला सिस्टरच म्हणायचे.

गोळी लागली त्या जागी त्यांनी खूण म्हणून झाडाच्या फांदीला टिश्यू पेपरचा तुकडा अडकवला होता. मी खाली वाकून पाहिलं. गवतावर गडद रक्त आणि त्यात हिरवट, अर्धवट पचलेला चारा. मला कुणी सांगायची गरज नव्हती. गोळी पोटातून गेली होती.

"तीन तास थांबायचं," ते म्हणाले आणि गाडीच्या मागच्या भागातून थर्मास काढू लागले. "पोटात लागलेलं हरीण लांब जात नाही. जवळच कुठेतरी बसतं. आपण मागे नाही लागलो तर तिथेच बसून राहतं, अंग आखडतं, मग उठवत नाही त्याला."

बारा वर्षं मी कॅज्युअल्टीत काढली होती. पोटाला जखम झालेला माणूस आला की आम्ही घड्याळाकडे बघून पळायचो. मिनिट वाया घालवलं म्हणून मी ज्युनियर डॉक्टरांना फैलावर घेतलेलं आहे. आणि हे गृहस्थ चहा ओतत होते.

मी बोलले, आणि बरंच बोलले. तिची आतडी फाटली आहेत, तिला काय वेदना होत असतील याची तुम्हाला कल्पना नाही, मला आहे. तीन तासांनी अंधार पडेल. दया असेल तर आत्ता चला. त्यांनी एकदा मान हलवली. "हरणाचं तसं नसतं," इतकंच म्हणाले. पण गोळी त्यांची चुकली होती, आणि अपराधी वाटणाऱ्या माणसाला हलवणं किती सोपं असतं हे मला पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बोलून चांगलं ठाऊक होतं. चहा त्यांनी गवतावर ओतून दिला. थांबून वीस मिनिटंही झाली नव्हती.

कुत्रीने माग लगेच पकडला. दोरी हातात ताणलेली, मी मागे, ते लंगडत माझ्या मागे. दीडशे पावलांवर वाळलेल्या, तांबूस नेच्यांचं रान होतं. तिथे कुत्री थबकली, आणि आमच्यापुढे दहा हातांवर नेचे हलले. हरणी उठली. एकदा पुढच्या पायांवर कोसळली, पुन्हा उठली आणि झाडांआड गेली. त्यांना बंदूक खांद्याला लावायलाही वेळ मिळाला नाही. तिच्या बसण्याची जागा दबलेली होती आणि हात लावला तर गरम होती. ती तिथे बसली होती. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

आम्ही जंगलाच्या टोकाला पोचलो तेव्हा ती तारेचं कुंपण पार करून नांगरलेल्या शेतातून पलीकडच्या झाडीत शिरत होती. ती जमीन दुसऱ्याची. बंदूक घेऊन तिथे विनापरवानगी पाऊल टाकणं गुन्हा होता, आणि बंदुकीशिवाय जाऊन आम्ही तिला फक्त आणखी पळवलं असतं. कुत्री कुंपणाखालून घुसायला बघत होती, विव्हळत होती. तिला कुंपण कळत नव्हतं. मी दोरी मनगटाला गुंडाळून उभी राहिले.

गावातल्या फोन बॉक्समधून त्यांनी जमीनमालकाला चार वेळा फोन केला. कुणी उचलला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. पोलिसांनी मालकाची परवानगी घ्या म्हणून सांगितलं. तोवर अंधारून आलं आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. घरी येऊन मी वरणाला फोडणी दिली, मुलांची दप्तरं बघितली. काही म्हणजे काही करता येण्यासारखं नव्हतं. मी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तर मी त्याच्यावरच खेकसले.

मालक सकाळी आठला परतला. "अर्थातच जा, विचारायचं काय त्यात," म्हणाला.

पावसाने माग पुसट झाला होता. कुत्री पुन्हा पुन्हा हरवत होती, परत फिरून नव्याने सुरुवात करत होती. त्या झाडीतून ओढा ओलांडून पलीकडे, तास-दीड तास ती राबली. शेवटी एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला थांबली.

हरणी जिवंत होती. वीस तास उलटून गेले होते. आम्हाला बघून तिने मान उचलली, उठायचा प्रयत्न केला, पण मागचं अंग हललं नाही. ते मला म्हणाले, कुत्रीला धर आणि तोंड फिरव. मी कुत्रीला धरलं. तोंड फिरवलं नाही. निदान तेवढं तरी बघायला हवं असं मला वाटलं.

गोळीचा आवाज विरला. ते मटकन त्या ओंडक्यावर बसले. मी काल घाई केली, माझं चुकलं, असं मला म्हणायचं होतं, पण मी कुत्रीची दोरीच सोडवत बसले. त्यांनीही मला बोल लावला नाही. कामगिरी संपली की हरणापाशीच कुत्रीला थोपटायचं, तिचं कोडकौतुक करायचं, अशी त्यांची पद्धत होती. दर वेळी ते स्वतः करायचे. आज ते उठले नाहीत. टोपी हातात घेऊन हरणीकडे बघत बसले होते.

कुत्री त्यांच्याकडे गेली, मग माझ्याकडे आली, शेपूट हलवत वाट बघत राहिली.

"तू कर तिचं कौतुक," ते म्हणाले. "तिचं काही चुकलेलं नाही."