शेठजींची रिकामी ओंजळ

बाळांनो, आज गल्लीत कोणी दगडी कोळशाची शेगडी पेटवली आणि त्या वासाने काशीच्या रामघाटावरची एक सकाळ डोळ्यांपुढे आली. तुम्ही दूर आहात, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. मिर्झापूरच्या पलीकडे आमचे शेत होते आणि शेजारी एका शेठजींची कोळशाची खाण. खाणीतले पाणी सतत उपसल्याने आमची विहीर आटली, भात करपला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेठजींवर खटला भरला. कोर्टाचा इंग्रजी निकाल मीच त्यांना वाचून दाखवला: जमिनीखाली झिरपणारे पाणी कोणाच्याच मालकीचे नाही.

नाना रामघाटावर श्राद्धाचे विधी सांगत. पुढे तेच शेठजी आपल्या आईच्या श्राद्धाला काशीत आले आणि नेमके नानांसमोर बसले. त्यांच्या वतीने खटला मुनीम लढला होता, त्यामुळे त्यांनी नानांना ओळखले नाही. संकल्पासाठी त्यांनी ओंजळ पुढे केली. नानांनी पळी उचललीच नाही.

“पंडितजी, जल दीजिए.”

“किसका जल, सेठजी? आपके वकील तो कहते थे, पानी किसी का नहीं होता!”

शेजारच्या भटजींनीही आपल्या पळ्या पालथ्या ठेवल्या. शेठजी श्राद्ध न करताच उठले. मी पायरीवर उभी राहून मोठ्याने हसले.

त्यांच्या आईचा काही दोष नव्हता, हे आता कळते. शेठजींची कीव मात्र आजही येत नाही.

शेत अजून आपल्याच नावावर आहे. तिथे काही पिकत नाही.