कोपराखालचा हात

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून काही निवृत्त गृहस्थ बसतात. व्यायामाविषयी त्यांचे ज्ञान अफाट आहे. सकाळी ते टेकडीवर जातात, म्हणजे पायथ्याशी इडली मिळते तिथवर जातात, आणि उरलेला दिवस चालण्याचे फायदे इतरांना सांगण्यात घालवतात. त्या फेरीत त्यांचा सर्वाधिक राबणारा अवयव जबडा असावा.

माझ्या पत्नीचा लहान मेंदू हळूहळू झिजतो आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचा हा भाग शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळतो. तो झिजू लागला की पायांत बळ असूनही कोणते पाऊल कुठे पडेल याची खात्री राहत नाही. ही झीज थांबवणारे औषध तिच्या डॉक्टरांपाशी नाही. त्यांनी व्यायाम सांगितला. खुर्च्यांनीही व्यायामच सांगितला, शिवाय नाकात तूप, गव्हांकुरांचा रस आणि सकारात्मक विचार. "वहिनी, मनात आणलं की सगळं होतं," असे तिला एका काकांनी बजावले. बजावून झाल्यावर ते दोन्ही हातांनी गुडघे दाबत खुर्चीतून उठले.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यातील फिजिओथेरपिस्ट बाई मात्र मोजके बोलल्या. "तोल सावरायला शिकायचं तर तो आधी जायला हवा. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा. पडू द्यायचं नाही, पण डगमगू द्यायचं. धरायचं नाही. आणि हे रोज. सोडलं, की मिळवलेलं जातं."

पत्नीने त्यांना एकच प्रश्न विचारला. "कोपऱ्यावरच्या लायब्ररीपर्यंत मी एकटी जाऊ शकेन?"

"आत्ता नाही. काही महिने मन लावून केलंत तर बघू."

तिचा सगळा व्यायाम त्या एका रस्त्यासाठी होता. तोवर पुस्तके मी बदलून आणत होतो आणि ती म्हणे, "तुम्ही आणता ती पुस्तकं तुमची असतात."

पार्किंगमधल्या फरश्यांच्या सरळ सांध्यावरून, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायचे, भिंतीपाशी वळायचे, परत यायचे, असा तो व्यायाम. पाहणाऱ्याला तो मुळीच शोभिवंत वाटत नाही. हात हवेत जातात, कंबर एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पहिल्याच संध्याकाळी खुर्च्यांमधून आवाज आला, "अहो, धरा की त्यांना."

मी धरले. पुढे रोज धरले. कोपराखाली हलकासा हात, फार काही नाही. आमच्या पेठेत धडधाकट बायकोचा हात धरणे थिल्लरपणाचे समजतात आणि आजारी बायकोचा न धरणे निर्दयपणाचे. नवऱ्याची माया चारचौघांत मोजण्याची दुसरी सोय नाही. "सोडा," असे पत्नी अधूनमधून पुटपुटे. तो मी तिचा संकोच समजलो, कारण तसे समजणे सोयीचे होते. एकदा जिन्यात एक शेजारीण दुसरीला सांगत होती, "नवरा असावा तर असा." त्या संध्याकाळी माझी पकड किंचित घट्ट झाली. खुर्च्यांच्या इडलीला मी हसतो खरा, पण माझ्या जिभेला लागलेली कौतुकाची चव त्याहून स्वस्त होती.

काही महिन्यांनी बाईंनी तपासायला बोलावले. मला भिंतीशी उभे करून त्यांनी तिला जमिनीवरच्या पट्टीवरून चालायला सांगितले. थोडी पावले टाकताच ती डावीकडे कलली. बाईंनी सावरले. पुन्हा चालली, पुन्हा डावीकडेच. रोज माझा हात त्याच बाजूला असे.

"घरी धरता का?" बाईंनी मला विचारले.

"जरासं. नावापुरतं."

"मग व्यायाम तुमच्या हाताचा झालाय. ह्यांना तुमच्यावर रेलायची सवय लागलीय. असंच चाललं तर वॉकर लवकर आणावा लागेल, आणि लायब्ररी तुम्हीच करत राहाल."

रिक्षात पत्नी शांतपणे म्हणाली, "मी पडेन याची तुम्हाला भीती नव्हती. मी वेडीवाकडी चालताना तुम्ही नुसते उभे दिसाल, याची होती."

"तसं नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'च्या पुढे आमच्या घरात संभाषण जात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाईंनी सांगितलेल्या अंतरावर उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून पाठीमागे बांधले. लगेच लक्षात आले, की असा मी तपासणीला आलेल्या साहेबासारखा दिसतो. मग सोडून दिले. ती निघाली. डगमगली. खुर्च्या अर्थातच जाग्या झाल्या.

"अहो, लक्ष आहे का? धरा त्यांना."

मी धरले नाही.

"बायको आहे ना तुमची?" काकांचा आवाज चढला.

पत्नी थांबली. बोलणे आणि चालणे आता तिला एकदम जमत नाही. "काका," ती म्हणाली, "धरायचंच असेल तर ह्यांना धरा. ते माझ्याहून जास्त घाबरलेत."

ती पुन्हा निघाली. भिंतीपाशी वळली आणि वळतानाच तिचा तोल गेला, नेहमीप्रमाणे डावीकडे. माझा हात पुढे निघाला होता. तो तिच्या कोपराच्या अलीकडे कसा थांबला ते मी सांगू शकत नाही. धैर्याने नक्कीच नाही. तिने एक पाऊल आडवे टाकले, मग आणखी एक, हात हवेत फेकले, आणि कशालाही न धरता ती उभी राहिली.

"काय माणूस आहे," खुर्च्यांमधून माझ्याविषयी कुणीतरी म्हणाले, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

तिलाही ते ऐकू गेले असणार. तिने माझ्याकडे पाहिले नाही. घाम टिपला, पुन्हा फरशीच्या सांध्यावर टाच ठेवली आणि म्हणाली, "अजून थोडं मागे व्हा."