साक्षीदार म्हणून केलेली सही

चौकातल्या चावीवाल्याला लहानथोर सगळे काकाच म्हणायचे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास रोखून घ्यावा एवढीशी जागा. भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, एक घासायचं यंत्र आणि तेलानं काळं पडलेलं टेबल. लोक घराची चावी काकांच्या हातावर ठेवायचे आणि खुशाल बाजाराला निघून जायचे. इतक्या वर्षांत कुणाच्या घरातला चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. काकांना त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा ना.

टेबलाखाली त्यांचा कुत्रा झोपायचा. तीन वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून आला आणि ठाण मांडून बसला, म्हणून त्याचं नाव हवालदार. काकूंनी त्याला लाल पट्टा घातला होता. "अहो, पालिकेचा परवाना काढा, इंजेक्शनं द्या," असं काकू अधूनमधून म्हणायच्या. काका हसून म्हणायचे, "हवालदाराला कसला परवाना?"

एका सकाळी वीजमीटर वाचणारी बाई आली. मीटर टेबलामागे, अगदी खाली. तिनं विचारलं, "काका, कुत्रा काही करणार नाही ना?"

"छे! बिनधास्त या," काका चावी घासता घासता म्हणाले. मान वर करून पाहिलंही नाही.

ती वाकली, बॅटरी लावली आणि उजेड नेमका झोपलेल्या हवालदाराच्या डोळ्यांत गेला. तो दचकून उठला तो थेट तिच्या उजव्या मनगटाला चावला. सोडवायला काकांना त्याचा पट्टाच ओढावा लागला. त्या झटापटीत पट्टा निसटून हातात आला आणि कुत्रा मागच्या बोळात पळाला.

लोक जमले. समोरचा औषधवाला कापूस आणि पाण्याची बाटली घेऊन धावत आला. बाई पांढरीफटक पडली होती. हात बाटलीच्या धारेखाली धरून तिनं विचारलं, "काका, तुमचा आहे का हो कुत्रा? त्याला इंजेक्शनं दिलीत?"

एवढाच प्रश्न. पण काकांच्या डोळ्यांपुढे पोलीस, दंड, कोर्ट सगळं एकदम उभं राहिलं. पट्टा त्यांनी पाठीमागे धरला होता, तो हळूच खणात टाकला.

"नाही हो ताई. रस्त्यावरचा आहे. सावलीला येऊन पडतो इथं."

औषधवाल्यानं खाली बघितलं. कुत्रा कुणाचा हे साऱ्या चौकाला ठाऊक होतं, पण काकांचा शब्द चारचौघांत खोटा कोण पाडणार? ती रिक्षात बसून दवाखान्यात गेली, आणि दुपारपर्यंत काकांनी हवालदाराला गावाच्या दुसऱ्या टोकाला, मेहुण्याच्या गोदामात पोचवलं.

काकूंनी ऐकलं तेव्हा त्या भाकरीचं पीठ मळत होत्या. त्या भांडल्या नाहीत. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाल्या. काकांना वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

दीड महिन्यानं ती पुन्हा दुकानात आली. मनगटावर जांभळा व्रण, अंगठा नीट मिटत नव्हता. काकांना वाटलं, हिला खरं कळलं. पण बाई आली होती ती विनंती करायला.

"काका, मी कंत्राटावरची. कामावर नाही तर पगार नाही. कंपनी म्हणते, आमचा काय संबंध? भटका कुत्रा चावला तर पालिका भरपाई देते म्हणे. पाळलेला असता तर मालकानं द्यायची. प्रत्यक्ष बघणाऱ्याची सही लागते." तिनं डाव्या हातानं अर्ज पुढे सरकवला. "तुमच्यासारख्या माणसानं लिहून दिलं तर कुणी शंका घेणार नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं सांगावं तर तेव्हाच का नाही सांगितलं? सही करावी तर खोटं कागदावर जाणार. ती पेन धरून उभी होती. काकांनी सही केली. ती "फार उपकार झाले" म्हणाली, आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दुकानात त्यांचं चित्त लागेना. एका गिऱ्हाइकाची चावी तर त्यांनी दोनदा वाया घालवली. कुणी "काका, तुमच्यावर सोडून जातो" म्हटलं की त्यांना उगाच वाटायचं, हा टोमणा मारतोय.

सुनावणीला साक्षीदारालाही बोलावणं आलं. पालिकेच्या बोळकांडीत, बाकावर, दोघं शेजारी शेजारी बसले. वेळ जावा म्हणून ती बोलायला लागली.

"डॉक्टर म्हणाले होते, कुत्रा दहा दिवस धडधाकट दिसला तर काळजी मिटली. मी रोज तुमच्या चौकात यायचे, लांबून बघायचे. कधी दिसलाच नाही. वाटलं, मेला असणार. माझी लेक चार वर्षांची आहे. पाचही इंजेक्शनं होईपर्यंत तिला जवळ घेतलं नाही हो मी. वेगळी झोपायचे. डॉक्टर म्हणायचे, असं काही होत नाही. पण मन ऐकतंय थोडंच? ती दाराबाहेरून हाका मारायची."

तेवढे सगळे दिवस हवालदार गोदामात दोन वेळा पोटभर खाऊन चांगला गुबगुबीत झाला होता. एक वाक्य पुरलं असतं. एक.

आत तिघे अधिकारी होते. मधल्यानं अर्ज वाचला आणि सहज विचारलं, "हा कुत्रा नंतर तुम्हाला कुठं दिसला का?"

"परवाच दिसला," काका म्हणाले. "साहेब, तो माझा आहे. जिवंत आहे, ठणठणीत आहे. मी लपवला. मी खोटी सही केली."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, ती रागावली असती तर त्यांना सोसलं असतं. तिचे डोळे एकदम भरून आले आणि तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे तो बरा होता?"

अधिकाऱ्यानं काकांना चांगलंच झापलं. खोट्या सहीचा दंड, परवाना नाही म्हणून दंड, आणि बाईचा दवाखाना नि बुडालेला पगार काकांनी द्यायचा असं ठरलं. काकांनी होय म्हटलं. हप्ते पाडून देत होते ते घेतले नाहीत. काकूंनी ठेव मोडायला स्वतःच बँकेचं पुस्तक काढून दिलं.

पैसे पालिकेत भरले त्या दिवशी ती पावतीवर सही करायला आली होती. डाव्या हातानं, सावकाश. काका उठून उभे राहिले.

"ताई, माझं चुकलं."

"चुकलं तर खरंच," ती म्हणाली. "कुत्र्याचं काय, तो जनावर आहे. घाबरला, चावला. तुम्ही तर जागे होतात काका."

ती गेली. पुढच्या महिन्यात मीटर वाचायला दुसराच माणूस आला. तिनं भाग बदलून घेतल्याचं त्यानं सांगितलं, आणि आकडे लिहून घेऊन तोही पुढच्या दुकानाकडे वळला.