मोघे काकांच्या हँडलवरची बटणं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. धारला ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांनाही नाही, आणि ते तर माझ्या आवाजावरूनच चोरी पकडायचे. तुम्हाला सांगतोय, पण मध्येच भलतीकडे वळलो तर समजून घ्या. निसटण्यात मी हुशार आहे, त्यावरच तर पोट भरलं.

देवासला माझं सायकलचं दुकान आहे. शून्यातून उभं केलेलं. बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगून टाकलं. धारला पंक्चरच्या टबापासून सुरुवात केली. घरात मराठी, धंद्यात मालवी, शाळा हिंदी आणि तीही आठवीपर्यंत. कारखान्यांसाठी महाराष्ट्रातून आलेली पगारदार मंडळी दुकानात यायची आणि माझ्याशी हिंदीत बोलायची. आडनाव कळलं की, "अच्छा, म्हणजे तू आपल्यातलाच!" आणि त्या आपलेपणावर लगेच घासाघीस सुरू. हे मला लागायचं. अजून लागतं.

मोघे काका त्यांच्यातलेच. नव्वदच्या दशकात प्रेस मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. त्याआधी ते दर भाऊबीजेला सायकलवरून धारला जायचे, आक्कांकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे. हात गेल्यावर बसने जाऊ लागले. काकूंनी तर त्यांच्या हातात चहाची किटलीही द्यायचं सोडलं होतं. दोन हजारचं दशक संपत आलं, काका निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात पुन्हा सायकल आली. एकदा, फक्त एकदा, हा हात कामाचा आहे हे त्यांना स्वतःला दाखवायचं होतं. पण त्या वयात चढावर गिअर हवेतच. उरलेल्या दोन बोटांनी ब्रेक धरता येई, गिअरचा खटका आडवा ढकलायला मात्र बोट उरत नसे.

मग जर्मनीच्या जावयाने खोका पाठवला. त्यात विजेवर चालणारे गिअर! हँडलवर बारीक बटणं लावायची, अंगठ्याने दाबायची, बस. मी तो खोका उघडला आणि — कसं सांगू? वीस वर्षं मी गिअरच्या तारा ताणल्या होत्या. इथे ताण नव्हता, खटका नव्हता. केसासारखी वायर, मुठीएवढी बॅटरी आणि मागच्या चाकापाशी काळं यंत्र, जणू झोपलेलं पाखरू.

"फिटिंगच तर करायचंय, भिया," काका म्हणाले. भिया म्हणजे भाऊ, आमच्या इथली हाक. "वस्तू माझी आहे. त्याचे एवढे?"

"मग जावयालाच बोलवा की पेचकस घेऊन!"

"जावई आला तर त्याचा मानपान आला. तू स्वस्त पडतोस."

दुकानात होते तेवढे सगळे हसले. काकाही हसले, त्यात काही वाईट नव्हतं. पण मी — फिटिंगच तर? रागारागात त्यांनी सांगितलेल्या पैशांना हो म्हणालो आणि मनात ठरवलं, अर्ध्या पैशांत अर्धं काम.

तीन दिवस लागले. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी चित्रं बघत गेलो, कुणालाही विचारलं नाही. बटणं काकांच्या अंगठ्याच्या मापाने बसवली. वरचं दाबलं की हलका गिअर, खालचं दाबलं की जड. सायकल स्टँडवर टांगली, पेडल फिरवलं आणि पहिल्यांदा बटण दाबलं. झिक्! साखळी आपली आपण एका चकतीवरून दुसरीवर चढली. जोर लावला नव्हता, अंदाज घेतला नव्हता, फक्त मनात आणलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. काका आले, त्यांनी अंगठा ठेवला. झिक्. पुन्हा. झिक्. ते लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले. "याला बोटं लागतच नाहीत रे," ते हळूच म्हणाले. देवळात बोलतात तसं. त्या क्षणी माझा राग कुठे होता? तो असायलाच नको होता. पण होता.

आता ते सांगतो.

उस्तादांचा नियम होता की, स्टँडवर गाडी खोटं बोलते. परत देण्याआधी गिअरची सायकल स्वतः चढावर न्यायची, पेडलवर सगळं वजन टाकायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. मागच्या यंत्रावर एक बारीक स्क्रू असतो. साखळी मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ नये म्हणून तो तिची हद्द बांधतो. तो नीट बसलाय का, हे चढावरच कळतं. प्रत्येक सायकल मी टेकडीच्या रस्त्याला नेऊन आणायचो. ही नेली नाही. पाच मिनिटांचं काम. फिटिंगच तर करायचं होतं ना?

भाऊबीजेला पहाटे काका निघाले. घाटाबिल्लोदच्या पुढे चढ लागला. त्यांनी अगदी हलक्या गिअरचं बटण दाबलं, साखळी शेवटच्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये घुसली आणि चाक जागच्या जागी थांबलं. ते उजव्या अंगावर पडले. खांद्याचं हाड मोडलं. धारला आक्का ओवाळायचं ताट मांडून बसल्या होत्या.

चार दिवसांनी काका दुकानात आले, हात गळ्यात बांधलेला, बरोबर काकू. सायकल टेम्पोतून उतरवली. मी खाली वाकलो आणि एका नजरेत कळलं. स्पोकवर साखळीच्या कड्यांचे ओरखडे होते. स्क्रू ढिला होता.

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी पेचकस घेतला आणि स्क्रू आवळला. दीड फेरा, फार तर. साखळी सोडवून बसवली, चाक फिरवलं, बटण दाबलं. झिक्. एकदम बरोबर. मग वळून म्हणालो, "काका, मशीन तर ठीक आहे. तुमच्याकडून दोन्ही बटणं एकदम दाबली गेली असतील."

मला वाटलं होतं, ते भांडतील. भांडले असते तर मीही आवाज चढवला असता, ते मला जमतं. पण काकांनी गळ्यातल्या झोळीतून तो हात थोडा बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"असेल," ते म्हणाले. "याचा भरवसा नाही."

"मी कधीची सांगत होते," काकू म्हणाल्या.

सायकल त्यांनी विकून टाकली. स्कूटर सोडली. पुढे कळलं की दाढीचं ब्लेडही ते डाव्या हातात धरतात, सही डाव्या हाताने गिरवतात. जे यंत्राखाली गेलं नव्हतं, तेही गेलं. मी काय म्हणू? की मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं. रोज माहीत होतं.

संक्रांतीला काका तिळगुळाचा डबा घेऊन दुकानात आले. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर, मोठ्या आवाजात, मराठीत म्हणाले, "एवढं नाजूक काम तू केलंस, आणि मी ते मातीत घातलं. वर त्या दिवशी तुला स्वस्त म्हणालो. मनात ठेवू नकोस बाबा." त्यांचे डोळे भरले होते. साठी ओलांडलेला, कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली वागवलेला माणूस माझ्यापुढे वाकला होता. एवढं मोठं मन मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी हात पुढे केला आणि तिळगूळ घेतला. "जाऊ द्या हो काका," म्हणालो, "होतं असं." आणि सगळ्यांच्या देखत मी त्यांना माफ केलं.