वळणावरची तगर

वाशीच्या आमच्या नव्या कॉलनीत तळमजल्यावर राहणारे ते गृहस्थ फुलांच्या बाबतीत भारी कंजूष होते. दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेच्या कडेनं त्यांनी तगर आणि मोगरा लावला होता. चैत्रात ती सगळी कड पांढरीशुभ्र व्हायची. पण सकाळी कुणी परडी घेऊन तिथे वाकलं, की खिडकीतून आवाज यायचा, "ओ वहिनी, देवाला मागची जास्वंद न्या! हवी तेवढी न्या!" पांढऱ्या फुलाला हात लावू देतील तर शपथ. स्वतः तर ते पूजाही करत नसत. मग ही फुलं ठेवायची कुणासाठी, याचं मला फार कुतूहल होतं.

एकदा दिवेलागणीला मी फाटकाशी उभी होते. त्या दिवशी कुणीतरी वळणावरची तगर पार ओरबाडून नेली होती. ते बाहेर आले, बोडक्या झुडपाकडे बघून चुकचुकले, आणि खिशातला पांढरा रुमाल काढून त्यांनी त्यावर पसरला. मग दाराकडे वळून म्हणाले, "हं, ये आता."

त्यांची बायको एकटीच पायरी उतरली. अंधुक उजेडात तिला पांढरं तेवढंच दिसत असावं. फुलांच्या कडेकडेनं ती सावकाश चालत आली. ते शेजारून, हात पुढे धरून, पण तिला न शिवता चालत होते. रुमालापाशी ती बरोबर वळली.

"तगर काय फुललीय हो आज!"

"हो ना," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.