एका प्लेटीत दोन बोंडे

घाटंजीत आमच्या शेजारी रसायनशास्त्राची शिकवणी घेणारे सर राहतात. प्रत्येक वाक्यानंतर ते "बरोबर?" असं विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.

माझ्या मुलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि पाण्याचं समीकरण काही केल्या जुळत नव्हतं. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन आणि पाण्यात एकच. तिने सरळ पाण्यातल्या ऑक्सिजनला दोनचा आकडा लावून टाकला. ते पाहून सर आम्हाला आलुबोंड्याच्या हॉटेलात घेऊन गेले आणि एक प्लेट मागवली.

"तुहा बाप हायड्रोजन, हात दोन. प्लेट ऑक्सिजन, बोंडे दोन. एका माणसानं एक बोंडा खाल्ला का झालं पाणी. बरोबर? बरोबर. मंग उरलेल्या बोंड्याचं काय?"

मुलीने वही उघडली. "आणखी एक माणूस लागन, सर."

तिने हायड्रोजनपुढे दोन लिहिले, पाण्यापुढे दोन लिहिले. समीकरण जुळलं.

वाया कशाला घालवायचा म्हणून मी दुसरा बोंडाही उचलला. सरांनी माझं मनगट धरलं.

"भाऊ, दोन खाल्ले तं तुमी पाणी नाई राहत, जखम धुवाचं हायड्रोजन पेरॉक्साइड होता! दुसरा माणूस मी. बरोबर?"

बोंडा तोवर त्यांच्या तोंडात गेला होता, म्हणून "बरोबर" मलाच म्हणावं लागलं.